शौर्य आणि साध्य

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. जळगावास आमच्या घरी एका सायंकाळी महाविद्यालयातील एक विद्यार्थी आला. मुलगा बुद्धिमान, वाचनाचा नाद असलेला, आणि त्या वयास शोभेल इतपत वीरपूजक. त्याच्याजवळ एक वही होती. तीत त्याने दुसऱ्या महायुद्धातील जर्मन वैमानिकांची यादी सुवाच्य अक्षरांत लिहून काढली होती. वैमानिकाचे नाव, त्याच्या विमानाचा प्रकार आणि त्याने पाडलेल्या शत्रुविमानांची संख्या, असे तीन रकाने होते. अग्रस्थानी एरिख हार्टमान याचे नाव असून त्यापुढे ३५२ हा आकडा होता. आमची पाने चाळून होताच त्याने विचारले, "सर, हा मनुष्य शूर होता की नाही?"

आम्ही म्हणालो, "शूर होता यात शंका नाही, परंतु तो कोणासाठी लढला हेही पाहिले पाहिजे."

"मग त्यामुळे त्याचे शौर्य कमी झाले का?"

या दुसऱ्या प्रश्नास आम्ही जे उत्तर दिले ते अध्यापकी वळणाचे होते. म्हणजे त्यात शब्द पुष्कळ होते, आणि मुलगा आदराने मान डोलावून निघून गेला. तो गेल्यावर ते उत्तर आमचे आम्हांसच पटेना. ज्याने पंचवीस-तीस वर्षे मुलांपुढे नीतितत्त्वांची चर्चा केली, त्याने इतक्या साध्या प्रश्नापुढे अडखळावे, ही गोष्ट मनास लागून राहिली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलास द्यावयाचे राहून गेलेले उत्तर होय.

प्रथम त्या आकड्याविषयी दोन शब्द. ३५२ ही संख्या केवळ कौशल्याने होत नाही. इंग्रज व अमेरिकन वैमानिकांस ठराविक काळ लढविल्यावर आघाडीवरून मागे घेत आणि पुष्कळदा नव्यांस शिकविण्याच्या कामी लावीत. जर्मन वैमानिक बहुधा मरेपर्यंत, पकडला जाईपर्यंत किंवा युद्ध संपेपर्यंत उडतच राही. शिवाय रशियाच्या आघाडीवर शत्रूची विमाने विपुल होती आणि त्यांतील कित्येक वैमानिक नवशिके होते. आकडा खरा, परंतु तो क्रिकेटच्या धावांसारखा वाचावयाचा नव्हे. त्यातील प्रत्येक एककामागे कोणाच्या तरी घरचा मुलगा बसलेला होता. काही हवाई छत्रीच्या आधाराने वाचले. पुष्कळ वाचले नाहीत. वहीत चौथा रकाना नव्हता, आणि तो कोणत्याच वहीत नसतो.

आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने मात्र हार्टमानपेक्षा त्या यादीतील दुसरे एक नाव अधिक विचार करण्याजोगे आहे. ते व्हेर्नर मोल्डर्स याचे. १९१३ साली गेल्सेनकिर्शेन येथे जन्मलेला हा तरुण १९३१ मध्ये पायदळात शिरला. पुढे वैमानिक होऊ पाहता आकाशात त्यास ओकारी येई, घेरी येई. प्रथम तो अपात्र ठरला. त्याने केवळ निग्रहाने त्या व्यथेवर मात केली. १९३८ साली हिटलरने जनरल फ्रँकोच्या साहाय्यार्थ स्पेनमध्ये धाडलेल्या 'काँडोर' दलात तो दाखल झाला आणि तेथे त्याने १४ विमाने पाडली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, चार विमानांनी हाताच्या चार बोटांप्रमाणे मागेपुढे राहून एकमेकांची पाठ राखावी ही लढण्याची रीत त्याने तेथे सिद्ध केली. तिचे अनुकरण पुढे त्याच्या शत्रूंनीही केले. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्सच्या आकाशात तो स्वतः पाडला गेला व कैद झाला. फ्रान्सने शस्त्र ठेवताच सुटला. १९४१ च्या जुलैमध्ये त्या युद्धात शंभर विमाने पाडणारा पहिला वैमानिक म्हणून त्याचे नाव सर्वत्र झाले, आणि जर्मन सैन्यातील अत्यंत दुर्मिळ असा हिरेजडित सन्मान सर्वप्रथम त्यास मिळाला. हाताखालचे लोक त्यास लाडाने 'बाबा' म्हणत, कारण तो त्यांची पित्याप्रमाणे काळजी वाही. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी सर्व लढाऊ विमानांचा निरीक्षक झालेला हा पुरुष २२ नोव्हेंबर १९४१ रोजी दुसऱ्या एका वैमानिकाच्या, अर्न्स्ट उडेट याच्या, अंत्यविधीस जात असता ब्रेस्लाऊ येथे विमान कोसळून मरण पावला. त्यावेळी तो लढत नव्हता, विमानही चालवीत नव्हता. केवळ प्रवासी होता. आणि ज्या उडेटसाठी तो निघाला होता त्याने आत्महत्या केली होती. राजवटीने ती अपघात म्हणून जाहीर केली होती.

मृत्यूनंतर त्याच्या नावाची ओढाताण सुरू झाली. हिटलरच्या राजवटीने त्याच्या तुकडीस त्याचे नाव दिले. उलट, तो निष्ठावंत कॅथॉलिक असल्याचा लाभ घेऊन इंग्रजांच्या प्रचारखात्याने त्याच्या नावे एक बनावट पत्र रचले आणि त्याच्या प्रती जर्मनीवर टाकल्या. जणू आपल्या राजवटीस विटलेला एक श्रद्धाळू वीर त्यात बोलत होता. पत्र खोटे होते, परंतु लोकांनी ते हातोहात उतरून घेतले. युद्ध संपले, देश दुभंगला, पश्चिम जर्मनीने नवे सैन्य उभारले. आणि त्या लोकसत्ताक राज्याने १९६९ मध्ये सेवेत आलेल्या एका विनाशिकेस व पुढे १९७३ मध्ये एका लढाऊ विमानदळास पुन्हा मोल्डर्सचेच नाव दिले. शौर्य हे शौर्य आहे, ते राजवटीच्या पापाने विटाळत नाही, अशी त्यामागील समजूत असावी.

ही समजूत टिकली नाही. २६ एप्रिल १९३७ रोजी काँडोर दलाच्या विमानांनी स्पेनमधील गेर्निका हे गाव बाजारच्या दिवशी बॉम्ब टाकून बेचिराख केले होते. १९९८ च्या एप्रिलमध्ये जर्मन लोकसभेने ठराव केला की, त्या दलातील माणसांचा यापुढे असा सन्मान होऊ नये. २००५ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी त्या विमानदळाचे मोल्डर्स हे नाव काढून टाकले. काही जुन्या अधिकाऱ्यांस हे फार लागले. त्यांचे म्हणणे असे की, गेर्निका जळाले तेव्हा मोल्डर्स स्पेनमध्ये नव्हताच; तो वर्षभराने तेथे गेला. हे म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न कठीण आहे. मोल्डर्स हा क्रूर असता तर आमच्या विद्यार्थ्यास उत्तर देणे सोपे झाले असते.

या प्रश्नास दोन सरळ उत्तरे संभवतात, आणि सुशिक्षित मंडळींत बहुधा त्यांतील एक ऐकू येते.

पहिले असे की, शौर्य हा स्वयंभू गुण आहे. तो कोणाच्या पक्षी प्रकट झाला हे पाहणे क्षुद्रपणाचे. या मताच्या पुष्ट्यर्थ पहिल्या महायुद्धातील एक प्रसिद्ध प्रसंग सांगता येईल. ८० विमाने पाडणारा जर्मन वैमानिक मानफ्रेड फॉन रिश्टहोफेन २१ एप्रिल १९१८ रोजी सोम नदीच्या खोऱ्यात मारला गेला. त्याचे प्रेत शत्रूच्या हाती पडले. ऑस्ट्रेलियन तुकडीने बेर्तांगल येथे त्यास संपूर्ण लष्करी इतमामाने मूठमाती दिली. ज्यांचे मित्र त्याने मारले होते त्यांनी त्याची शवपेटी खांद्यावर घेतली. हे चित्र उदात्त आहे यात संशय नाही. परंतु याच रिश्टहोफेनने आपल्या प्रत्येक विजयाखातर बर्लिनच्या जवाहिऱ्याकडून एकेक चांदीचा पेला करवून घेण्याचा परिपाठ ठेवला होता, आणि साठ पेले झाल्यावर तो थांबला तो युद्धामुळे चांदी दुर्मिळ झाली म्हणून, हेही त्याच चरित्रात आहे. शिवाय त्या ऑस्ट्रेलियनांनी रिश्टहोफेनच्या प्रेतास मान दिला. आपल्या तुकडीस त्याचे नाव दिले नाही. हा भेद बारीक दिसतो, परंतु सर्व प्रश्नाची किल्ली त्यात आहे असे आम्हांस वाटते. तिकडे पुढे येऊच.

दुसरे उत्तर याच्या उलट. साध्य दुष्ट असेल तर त्याच्या सेवेतील शौर्यही दुष्टच. चोराने भिंत चांगली फोडली म्हणून कोणी त्याचा सत्कार करीत नाही. हे ऐकावयास करारी वाटते, पण अनुभवास धरून नाही. फ्रांझ श्टिगलर या जर्मन वैमानिकाचे उदाहरण घ्या. २० डिसेंबर १९४३ रोजी ब्रेमेन शहरावर बॉम्ब टाकून परतणारे एक अमेरिकन विमान त्यास दिसले. ते छिन्नविच्छिन्न झाले होते. आतील माणसे जखमी होऊन पडलेली त्यास बाहेरून दिसत होती. एक बोट दाबण्याचा अवकाश होता. त्याने ते दाबले नाही. उलट बाजूने उडत त्या विमानास समुद्रापर्यंत पोचते केले. हे वरिष्ठांस कळते तर त्याचे प्राण गेले असते. त्या अमेरिकन विमानाचा चालक चार्ल्स ब्राऊन आणि श्टिगलर यांची गाठ पुढे १९९० मध्ये पडली. दोघे मित्र झाले आणि दोघेही २००८ मध्ये वारले. ज्या पक्षाकडून श्टिगलर लढत होता त्या पक्षाचे साध्य त्या दिवशी काही पालटले नव्हते. तथापि त्याच्या त्या कृतीस दुष्ट कोण म्हणेल? आणि तरीही, दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा त्याच पक्षासाठी लढू लागला हेही विसरून चालणार नाही.

यावरून इतके दिसते की, आपण ज्यास एका शब्दात शौर्य म्हणतो त्यात निदान तीन वस्तू आहेत. एक, हातचे कौशल्य. ते पोहणाऱ्याच्या किंवा मल्लाच्या कौशल्यासारखे नीतिनिरपेक्ष आहे. दुसरे, धैर्य, म्हणजे भीतीवरचा ताबा. ते माणसाचे स्वतःचे असते, ते कोणतीही राजवट त्यास देऊ शकत नाही. मोल्डर्सने आपल्या ओकारीवर मिळविलेला जय त्याचाच होता. परंतु धैर्य हे भांडवल आहे, ते कोणत्या व्यापारात गुंतविले यावर त्यातून काय निपजेल हे ठरते. तिसरी वस्तू विवेक, म्हणजे 'हे मी का करीत आहे?' असे स्वतःस विचारण्याचे सामर्थ्य. आकाशात सहा मैल उंचीवर पहिल्या दोन वस्तू पुष्कळांजवळ होत्या. तिसरी श्टिगलरजवळ एका दिवशी काही मिनिटे होती, आणि आज त्याचे नाव आपण घेतो ते त्या मिनिटांसाठी, त्याने पाडलेल्या विमानांसाठी नव्हे.

येथे वाचक विचारील की, सैनिकापाशी विवेकाची अपेक्षा करणे न्याय्य आहे काय? युद्ध तो पुकारीत नाही. तो आज्ञेने लढतो, स्वदेश म्हणून लढतो. त्याचा तो धर्मच नव्हे काय? आपल्याकडे तर हा प्रश्न गीतेच्या पहिल्या अध्यायाइतका जुना आहे. आणि हा अध्याय आमच्या खानदेशाच्या भूमीवर एकदा फार निराळ्या श्रोत्यांपुढे उलगडला गेला आहे. १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी राजबंद्यांस गीता सांगितली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. तलवारीचा उपदेश म्हणून ज्या ग्रंथाकडे पुष्कळ लोक बोट दाखवितात तो ग्रंथ, शस्त्र न घेता तुरुंगात आलेली माणसे तेथे ऐकत होती. त्या प्रवचनांच्या आरंभीच विनोबांनी एका न्यायाधीशाचा दाखला दिला आहे. शेकडो अपराध्यांस फाशी सुनावणाऱ्या त्या न्यायाधीशापुढे एके दिवशी खुनी म्हणून त्याचा स्वतःचाच मुलगा उभा राहिला. आणि मग एकाएकी त्यास फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागली. विनोबांचा रोख अर्जुनावर होता. त्याची ती करुणा अहिंसेतून नव्हे, मोहातून उपजली होती. समोर आप्त उभे होते म्हणून.

हा दाखला आमच्या प्रश्नास जसाच्या तसा लागू पडतो, परंतु तो जर्मनांस नव्हे, तर आम्हांस. मोल्डर्सचा न्याय आम्ही करू निघालो, कारण तो परका. आता आपला मुलगा कठड्यात उभा करून पाहू या; त्याच वजनांनी तोलता येते का?

१९१८ च्या जूनमध्ये, रिश्टहोफेन मेल्यावर दोनच महिन्यांनी, मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर हा केंब्रिजला शिकलेला तरुण ब्रिटिश विमानदळाचा अधिकारी म्हणून फ्रान्सच्या आकाशात लढताना पाडला गेला आणि जर्मनांच्या ताब्यात जखमांनी मरण पावला. हिंदी माणसास अधिकारपद देण्याची मुळीच इच्छा नसलेल्या सैन्यात तो हट्टाने शिरला होता. हँगार्ड येथील दफनभूमीत तो आहे. ज्या साम्राज्यासाठी तो मेला त्याने पुढच्याच वर्षी अमृतसरास जालियनवाला बाग घडविली. गेर्निका जळाले तेव्हा मोल्डर्स तेथे नव्हता, तसाच अमृतसरी वेलिणकर नव्हता. तो तर आधीच मातीत गेला होता. दोघांचे प्रकरण एकच आहे असे आम्ही म्हणत नाही. पण बचाव मात्र अगदी एकाच शब्दांत करता येतो, हे ध्यानात घेतले पाहिजे.

आणखी पुढे जाऊ. ज्या १९३७ साली काँडोर दल स्पेनवर बॉम्ब टाकीत होते, त्याच वर्षापासून हिंदी हवाई दलाची १९३३ मध्ये उभी राहिलेली पहिली तुकडी वायव्य सरहद्दीवर वझिरिस्तानात पठाण टोळ्यांविरुद्ध कामगिरीवर होती. वैमानिक आपले, आज्ञा इंग्रजांची, आणि खाली ज्यांचा देश ते पठाण.

आणि दूर कशाला जावयाचे? आमच्या धरणगावीच १८२५ साली औट्रम साहेबाने भिल्ल पलटण उभारली. कंपनी सरकारास जुमानीत नाहीत म्हणून ज्यांना दरोडेखोर म्हणत त्यांच्याच भाऊबंदांच्या हाती बंदुका देऊन त्याने सातपुड्याच्या पायथ्याचा मुलूख शांत केला. खाज्या नाईक हाही एके काळी सेंधव्याच्या घाटाचा रखवालदार म्हणून त्याच सरकारच्या चाकरीत होता. १८५७ मध्ये तो उलटला, आणि ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीच्या डोंगरात त्याच्या भिल्लांनी सरकारी फौजेशी लढाई दिली. तीत पुष्कळ पडले, आणि पकडलेल्यांपैकी कित्येकांस गोळ्या घातल्या. पलटणीतले भिल्ल सरकारकडे राहिले. एकच जात, एकच डोंगर, तीच काटक शरीरे आणि तोच निर्भयपणा. धैर्याच्या तराजूत पलटणीतला शिपाई आणि खाज्याचा तिरंदाज यांत रतीचाही फरक पडणार नाही. तरीपण आज खानदेशात आम्ही नाव घेतो ते खाज्या नाईकाचे. हे आम्ही योग्य करतो की अयोग्य? योग्य करतो असे ज्यास वाटते, त्यास जर्मन लोकसभेच्या ठरावाविरुद्ध तक्रार करता येणार नाही.

मात्र खानदेशाच्या इतिहासाने हा प्रश्न आमच्या घरापर्यंत आणून ठेवला आहे, आणि तेथे तो इतका सरळ राहिला नाही. आमचे मूळ घर धुळ्यास. १९४२ साली आमचे आजोबा चळवळीत पडून तुरुंगात गेले. त्याच वर्षी ९ सप्टेंबर रोजी, तेव्हा पश्चिम खानदेशात असलेल्या नंदुरबारात, हातातील तिरंगा सोडीना म्हणून शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. आणि त्याच वर्षी आमच्या आजोबांचे धाकटे बंधू, ज्यांना आम्ही सर्व अण्णाआजोबा म्हणत असू, हिंदी हवाई दलात विमानदुरुस्तीच्या कामावर भरती होऊन ब्रह्मदेशच्या आघाडीकडे गेले. थोरल्यांचे छायाचित्र आमच्या ओटीवर हार घालून लावलेले आम्ही जन्मापासून पाहिले. धाकट्यांचे कोठेच नव्हते. युद्धानंतर ते परतले, भुसावळास रेल्वेत नोकरी करून निवृत्त झाले, आणि ब्रह्मदेशाविषयी कधी एक अक्षर बोलले नाहीत. दोघा भावांत वैर नव्हते. सणासुदीस ते एका पंक्तीस बसत. परंतु आम्हां मुलांस इतके कळे की, एकाविषयी बोलावयाचे असते आणि दुसऱ्याविषयी नसते.

काही वर्षांपूर्वी ते घर आवरताना माळ्यावर एक पत्र्याची पेटी सापडली. तीत अण्णाआजोबांचे गणवेशातील एक छायाचित्र होते आणि दोऱ्याने बांधलेला मनिऑर्डरीच्या कुपनांचा एक गठ्ठा. सर्व कुपने १९४२ च्या अखेरपासून १९४४ पर्यंतची, आणि सर्व आमच्या आजीच्या नावे. आजोबा तुरुंगात असता आमच्या घरची चूल ज्या पैशावर पेटत होती तो इंग्रज बादशहाच्या फौजेचा पगार होता. ही गोष्ट आजीस ठाऊक होती, आजोबांसही ठाऊक असलीच पाहिजे. आम्हांस मात्र कोणी सांगितली नाही.

त्या दिवशी आमच्या विद्यार्थ्याने विचारले, आणि आम्हांस मोल्डर्सपेक्षाही ही पेटी आठवली. आमचे शब्द त्यामुळेच अडखळले होते.

अण्णाआजोबांच्या बाजूने पुष्कळ सांगता येईल. ज्या जपानी सैन्याशी ते लढणाऱ्यांपैकी होते ते काही मुक्तिदाते नव्हते. चीनमध्ये त्यांनी जे केले ते जगजाहीर आहे. त्याच आघाडीवर लढाऊ विमान चालविणारे मुंबईचे हृषीकेश मुळगावकर १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात स्वतंत्र भारतासाठी लढले, महावीरचक्राचे मानकरी झाले आणि १९७६ ते १९७८ या काळात आपल्या हवाई दलाचे प्रमुख होते. हात तोच, विद्या तीच. धनी मात्र बदलला. उलट बाजूनेही तितकेच सांगता येईल. त्याच काळात सावंतवाडी संस्थानातील जगन्नाथराव भोसले, इंग्रजांच्याच सैन्यात अधिकारी झालेले, आझाद हिंद सेनेत सेनापती म्हणून सुभाषबाबूंच्या बाजूस उभे होते. म्हणजे प्रश्न पडणे शक्य होते. काहींस तो पडलाही होता. अण्णाआजोबांस तो पडला की नाही, किंवा तुरुंगात गेलेल्या भावाच्या मुलांचे पोट हेच त्यांचे उत्तर होते, हे सांगावयास ते आज नाहीत.

आता मघाशी बाजूस ठेवलेल्या भेदाकडे परत येऊ. मेलेल्या माणसास मान देणे एक आणि त्याचे नाव वेशीवर कोरणे दुसरे. कबरीवर आपण म्हणतो, 'हा एक मनुष्य होता.' वेशीवर नाव कोरताना आपण त्याखालून जाणाऱ्या तरुणास म्हणतो, 'असा हो.' दगडावर कोरलेल्या नावास स्पष्टीकरण जोडता येत नाही. 'असा हो, परंतु कोणासाठी लढावयाचे हे मात्र याच्यापासून शिकू नको,' असे कोणत्याही प्रवेशद्वारावर लिहिता येत नाही. म्हणून जर्मनांनी मोल्डर्सचे नाव काढले ते योग्यच केले, आणि त्याची कबर राखली तेही योग्यच केले. ज्याच्या शौर्याबरोबर 'परंतु' लिहिणे भाग आहे त्याचे स्थान वेस नव्हे. त्याचे स्थान इतिहास होय. इतिहासात 'परंतु'ला हवी तितकी जागा असते. धुळ्यास राजवाड्यांच्या नावे १९२७ पासून उभ्या असलेल्या संशोधन मंडळातील जुनी दप्तरे ज्यांनी चाळली असतील त्यांस हे सांगणे नको. त्या कागदांत शूर पुष्कळ भेटतात, परंतु ज्याच्यापुढे एकही 'परंतु' नाही असा क्वचितच भेटतो.

यावर कोणी म्हणेल की, अशाने एकही पुतळा उभा राहणार नाही. थोडे कमी उभे राहतील, हे खरे. आणि त्यात हानी आहे असे आम्हांस वाटत नाही. 'परंतु' आणि 'परंतु' यांतही अंतर असते. कोणाचा दोष व्यक्तीचा, कोणाचा काळाचा. कोणाचे साध्य अर्धे सदोष, तर कोणाचे समूळ अमानुष. हिटलरच्या युद्धात आणि वेलिणकर ज्यात पडला त्या युद्धात हे अंतर आहेच, आणि ते मोजावयाचे टाळून सर्वांस एकाच ओळीत बसविणे हाही एक आळसच होय. एवढेच की, मोजताना आपल्या मुलासाठी निराळा तराजू बाहेर काढू नये. धुळ्याच्या तुरुंगातल्या त्या दाखल्याचा आम्ही घेतलेला बोध इतकाच आहे.

आमच्या विद्यार्थ्यास आमचे उत्तर आता असे आहे. बाळ, तो मनुष्य शूर होता. त्याचे शौर्य त्याच्या धन्यामुळे कमी झाले नाही. ते व्यर्थ गेले, आणि व्यर्थ जाणे हे कमी होण्याहून अधिक दुःखाचे आहे. तुझी वही फाडून टाकू नकोस. परंतु तीत आणखी एक रकाना आख, आणि प्रत्येक नावापुढे लिही: हा कोणासाठी लढला, आणि हे त्याने स्वतःस कधी विचारले होते काय? पुष्कळ जागा कोऱ्या राहतील. त्या कोऱ्या जागांकडे पाहत बस. आणि त्यानंतर, तू पुढे ज्या कोणाची चाकरी करशील, सैन्यात असो, कचेरीत असो की कारखान्यात, तेथे हा रकाना स्वतःपुढे आखून ठेव. विमान चालवावयाचे आपल्यापैकी फार थोड्यांच्या नशिबी येते. दुसऱ्याच्या आज्ञेने आपली हुशारी खर्च करावयाचे मात्र बहुतेकांच्या नशिबी येते.

राहिला प्रश्न त्या पेटीतील छायाचित्राचा. ते आम्ही जळगावास आणले व चौकटीत बसवून घरात लावले. ओटीवर नव्हे, आतल्या खोलीत, जेथे घरची मुले अभ्यासास बसतात. हार घातला नाही. खाली एका कागदावर आम्ही स्वतःच्या हाताने लिहिले आहे: नाव, हवाई दलातील हुद्दा, '१९४२ ते १९४६, ब्रह्मदेश आघाडी, इंग्रज सरकारच्या सेवेत,' आणि त्याखाली, 'यांच्या पगारावर या काळात आपले घर चालले.' परवा आमच्या धाकट्या मुलीने ते वाचले आणि विचारले, "मग हे चांगले होते की वाईट?" आम्ही तिला म्हटले, बस, तुला सर्व सांगतो, आणि आजोबांच्या तुरुंगापासून सुरुवात केली. सांगून होईतो रात्रीचे जेवण थंड झाले होते.